काळ्या विहिरी आणि सदतीस कोटींचं बिल

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना मारलेल्या काही उड्या वाचताना अडखळायला लावतील म्हणून तेवढ्या नीट केल्यात. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



आजची गोष्ट माझ्या आजोळच्या फडताळातून सुरू होते. लोणच्याच्या बरण्यांच्या मागे तिथे काचेची एक जुनी बाटली आहे. औषधाची असावी. बूच घट्ट बसवलेलं, वरून मेण ओतलेलं. आत पाणी आहे, पिवळट रंगाचं, आणि तळाला साका. आजीने ते स्वतः विहिरीतून शेंदून भरून ठेवलं होतं.

झालं असं की गावाशेजारी एक कारखाना आला. दोन-तीन पावसाळे गेले आणि आमच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. आधी वाटलं, आत काहीतरी पडून मेलंय. विहीर उपसली, गाळ काढला, वास तसाच. मामाने अर्ज दिला. कुणीतरी येऊन नमुना घेऊन गेलं. पुढे काही नाही. आजीचं म्हणणं साधं होतं: "ज्यानं घाण केली त्यानं निस्तरायचं. यात कोर्टाला विचारायचं काय?"

मी वकील नाही, हे आधीच सांगते. पण आजीचं हे एक वाक्य कायद्याच्या पुस्तकात यायला किती वर्षं लागली, हे शोधायला बसले. बराच काळ पुस्तकांत डोकं घातल्यावर राजस्थानातल्या एका गावापाशी येऊन थांबले. गावाचं नाव बिछडी. उदयपूर जिल्ह्यातलं. तलावांचं शहर म्हणून आपण ज्या उदयपूरचे रील्स बघतो ना, त्याच जिल्ह्यातलं.

१९८७च्या सुमाराला बिछडीजवळ हिंदुस्तान अ‍ॅग्रो केमिकल्स नावाचा कारखाना सुरू झाला. तिथे ओलियम, म्हणजे अतितीव्र गंधकाम्ल, आणि सुपर फॉस्फेट खत तयार व्हायचं. १९८८ साली त्याच आवारात सिल्व्हर केमिकल्सचा प्लांट उभा राहिला. त्याच्याच जोडीला ज्योती केमिकल्स. या दोघांचा माल होता एच-अ‍ॅसिड.

एच-अ‍ॅसिड हे काय प्रकरण आहे? घरात कपाटात डांबरगोळ्या ठेवतो, त्या पारंपरिक गोळ्या म्हणजे नॅफ्थॅलिन. त्याच नॅफ्थॅलिनवर एकामागून एक रासायनिक क्रिया करत गेलं की एच-अ‍ॅसिड मिळतं. त्यापासून कापडाचे रंग बनतात. तुमच्या अंगातल्या काळ्या टी-शर्टच्या रंगामागे याचा कुठलातरी भाऊबंद असण्याची चांगलीच शक्यता आहे. अडचण ही की एच-अ‍ॅसिड बनवताना माल थोडा आणि मळी भरमसाट निघते. एका टप्प्यावर लोखंडाचा चुरा वापरतात, त्याचा गाळ. आम्ल मारायला चुना वापरतात, त्यातून जिप्समचा गाळ. वर आम्लधर्मी, गडद सांडपाणी.

आकडा ऐका. सिल्व्हर केमिकल्सने जेमतेम वर्षभर काम केलं. एवढ्या काळात एच-अ‍ॅसिड निघालं सुमारे ३७५ टन. आणि विषारी गाळ? २,४०० ते २,५०० टन. एक किलो माल, साडेसहा किलो विष.

हा माल आपल्याकडे वापरायचासुद्धा नव्हता, निर्यातीसाठी होता. सुप्रीम कोर्टाने निकालात हे मुद्दाम नोंदवलंय, की पाश्चात्त्य देशांत एच-अ‍ॅसिड बनवण्यावर बंदी आली, पण त्यांची गरज काही संपली नाही. ती गरज मग आपल्यासारख्या देशांतले कारखाने भागवायला लागले. हे वाचताना मला राग आला, खोटं कशाला सांगू. रंग त्यांच्या कपड्यांना आणि पाणी बिछडीचं काळं.

कारण ते खरंच काळं झालं. सांडपाणी तसंच सोडलं जायचं. गाळ आवारात आणि आजूबाजूला उघड्यावर टाकलेला. पाऊस पडला की तो झिरपायचा. जमिनीखालचं पाणी विहिरींना जोडणाऱ्या वाटा कुठल्या नकाशावर नसतात, पण असतात. विहिरी आणि ओढे काळपट झाले. पाणी पिण्याच्या लायकीचं राहिलं नाही, गुरांना पाजता येईना, शेताला देता येईना. यासाठी लागणारी परवानगीही या कारखान्यांनी घेतलेली नव्हती. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्या, मगच पाणी सोडा, असा कायदा देशात १९७४पासून होता. आपल्या महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९६९ साली, जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला होता. थोडक्यात, कायदा नव्हता म्हणून हे झालं, असं म्हणायची सोय नाही.

गावकरी भडकले. इतके की जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं, जमावबंदी. १९८९च्या सुरुवातीला सिल्व्हर केमिकल्स बंद पडलं. मंडळी, बहुतेक बातम्या इथे संपतात. "संतप्त ग्रामस्थांनी कारखाना बंद पाडला." शाब्बास. पण कारखाना बंद पडला म्हणून अडीच हजार टन गाळ कुठे जात नाही. तो तिथेच असतो. दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली उतरत राहतो.

ऑगस्ट १९८९मध्ये इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल अ‍ॅक्शन या संस्थेने थेट सुप्रीम कोर्टात याचिका केली.

आता खरा पेच. कंपन्यांचं म्हणणं, आम्ही खाजगी कंपन्या, सरकार नव्हे. मूलभूत हक्कांसाठीची याचिका सरकारविरुद्ध चालते, आमच्याविरुद्ध कशी? आणि दुसरा, जास्त खोल प्रश्न असा, की कंपनीने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करावं लागेल का? की नुकसान झालं एवढंच पुरेसं आहे? या दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याला दीडशे वर्षं मागे, इंग्लंडात जावं लागणार आहे. कारण आपल्या कोर्टांत या बाबतीत जे वापरलं जायचं, ते तिथूनच आलं होतं.

लँकेशायर, १८६०. जॉन रायलंड्स नावाचा गिरणीमालक. कापसात गडगंज झालेला माणूस. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या, आपल्या वऱ्हाडच्या कापसाकडे वळली, ती हीच मंडळी. तर या रायलंड्सला एन्सवर्थ गावच्या गिरणीसाठी पाणी हवं होतं. त्याने इंजिनीयर आणि ठेकेदार लावून तलाव बांधून घेतला. खोदताना त्या लोकांना जुन्या, सोडून दिलेल्या खाणीचे मातीने बुजलेले उभे बोगदे सापडले. त्यांनी ते नीट बंद केले नाहीत. रायलंड्सला याचा पत्ताही नव्हता.

११ डिसेंबर १८६०. तलाव भरत आला, आणि पाणी त्या जुन्या बोगद्यांतून खाली घुसलं, तिथून शेजारच्या थॉमस फ्लेचरच्या चालू कोळसाखाणीत. खाण बुडाली. फ्लेचरने पाणी उपसलं, पुन्हा आलं. नुकसान ठरलं ९३७ पौंड.

खटला बरीच वर्षं चालला. रायलंड्सचा वकील म्हणत होता, माझ्या अशिलाची चूक काय? त्याने चांगले लोक नेमले, त्याला काही माहीत नव्हतं. पहिल्या कोर्टात तो जिंकलासुद्धा. मग १८६६ साली न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल फिरवला, आणि १८६८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो कायम केला. ब्लॅकबर्न यांचा युक्तिवाद कुठल्याही शेतकऱ्याला पटेल असा आहे. तुमची गुरं सुटून शेजाऱ्याच्या पिकात शिरली, तर "मी दावं नीट बांधलं होतं" म्हणून सुटका होत नाही. भरपाई द्यावीच लागते. तसंच पाण्याचं, घाणीचं, विषारी वाफांचं. स्वतःच्या फायद्यासाठी धोक्याची वस्तू तुम्ही आपल्या जागेत आणून साठवली आणि ती निसटली, तर जबाबदार तुम्ही. चूक असो वा नसो. याला स्ट्रिक्ट लायबिलिटी म्हणतात. लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांनी आत्ता मान डोलावली असेल.

आजी जिंकली की! असं मलाही वाटलं. पण थांबा.

या नियमाला वकिलांनी दारं पाडली. दैवी आपत्ती असेल तर जबाबदारी नाही. तिसऱ्याच माणसाने खोडी केली असेल तर नाही. सरकारी परवानगीने काम चाललं असेल तर बऱ्याचदा नाही. आठच वर्षांनी, १८७६ साली, एका बाईंच्या शोभेच्या तलावांचे बांध फुटून पूल वाहून गेल्याच्या खटल्याचा निकाल आला. तेव्हा कोर्ट म्हणालं, पाऊसच असाधारण होता, त्यांना जबाबदार धरता येत नाही. आणि शेवटी १९९०च्या दशकात इंग्लंडने या नियमाची हवाच काढून घेतली. ती केस आपल्या विहिरीच्या गोष्टीशी फारच जुळते, म्हणून दोन मिनिटं घेते.

केंब्रिजजवळ सॉस्टन गावात चामडं कमावण्याचा एक जुना कारखाना होता. चामड्यातला चिकटपणा काढायला ते एक द्रावक वापरत. ड्रमातून मशीनमध्ये ओतताना थोडं थोडं सांडायचं. वर्षानुवर्षं. ते काँक्रीटमधून खाली गेलं आणि जमिनीखालून सरकत दोन किलोमीटरवरच्या बोअरवेलमध्ये पोचलं. त्या बोअरचं पाणी केंब्रिज वॉटर कंपनी लोकांना पुरवत होती. बोअर सोडावी लागली, नवी व्यवस्था करावी लागली, खर्च दहा लाख पौंडांच्या वर. हाउस ऑफ लॉर्ड्सने डिसेंबर १९९३मध्ये काय ठरवलं? चामड्याच्या कारखान्याने काही द्यायची गरज नाही. सांडत होतं तेव्हा असं काही होईल, हे कुणा शहाण्या माणसाला आधी सुचलं नसतं. म्हणून.

म्हणजे ज्या देशात नियम जन्मला, तिथेच तो असा पातळ झाला. आणि बिछडीची केस आपल्या कोर्टात पडून होती ती नेमकी याच वर्षांत.

मधल्या काळात आपल्याकडे काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे. २-३ डिसेंबर १९८४ची रात्र, भोपाळ. त्याला जेमतेम वर्ष झालं असताना, ४ डिसेंबर १९८५ला, दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. हो, तेच ओलियम. एम. सी. मेहता या वकिलांची त्या कारखान्याविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टात आधीपासूनच चालू होती. २० डिसेंबर १९८६ला सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पाच जणांच्या खंडपीठाने सांगितलं की एकोणिसाव्या शतकातला इंग्रजांचा नियम आम्हाला बांधील नाही. धोकादायक उद्योग चालवून जो नफा कमावतो, त्याची जबाबदारी पूर्ण. कुठलाही अपवाद नाही. दैवी आपत्ती नाही, तिसरा माणूस नाही. शिवाय कंपनी जेवढी मोठी, तेवढी भरपाई मोठी. ही अ‍ॅब्सोल्यूट लायबिलिटी. जगातल्या फार थोड्या कोर्टांनी एवढी टोकाची भूमिका घेतली होती.

पण याच निकालात त्या वायूने बाधित झालेल्यांना प्रत्यक्ष भरपाई दिली गेली नाही. त्यांच्यासाठी वेगळे दावे लावा, असं सांगितलं. तत्त्व सांगितलं, पैसे नाही. ही बारीकशी फट लक्षात ठेवा, पुढे ती मोठी होणार आहे. भोपाळच्या पुढच्या एका निकालात, १९९१ साली, सुप्रीम कोर्टाच्याच एका न्यायमूर्तींनी म्हटलं की ओलियमच्या निकालातलं ते तत्त्व जाता जाता केलेलं भाष्य होतं, बंधनकारक नाही. झालं! आता बिछडीच्या कंपन्यांच्या वकिलांना आयतं कोलीत मिळालं.

इकडे बिछडीत मोजमाप चालू होतं. कोर्टाने काम दिलं आपल्या नागपूरच्या नीरीला, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला. १९५८ साली नागपुरात सुरू झालेली ही सरकारी संस्था. पाणी आणि सांडपाणी हाच तिचा मूळ विषय. कोर्टरूममध्ये "आमच्यामुळे झालं नाही" असं म्हणणं सोपं असतं. पण मातीत हात घालून, विहिरींतले नमुने तपासून, अमुक घटक अमुक गाळातूनच आलाय, असं कागदावर मांडलं की ते म्हणणं अवघड होतं. मामाच्या अर्जात जे नव्हतं ते नेमकं हेच. आमच्याकडे वास होता. बिछडीकडे नीरीचा अहवाल होता.

तपासात आणखी एक गोष्ट समोर आली. कोर्टाने गाळ सुरक्षित खड्ड्यांत बंद करून ठेवायला सांगितलं होतं. कंपनीने सुमारे ७२० टन गाळ असा बंद केल्याचं दाखवलं. पण निघाला होता २,४००च्या वर. मग बाकीचा? तो आवारात पसरून वरून माती टाकलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे झाकलेला गाळ कितीचा होता ते नीरीने मोजलं. १९९४च्या अहवालात दोन रकमा आल्या. गावकऱ्यांचं नुकसान, ३ कोटी ४२ लाख ८० हजार रुपये. जमीन आणि विहिरींचं पाणी पुन्हा ठीक करायचा खर्च, ३७ कोटी ३८ लाख ५० हजार. अहवालात असंही लिहिलं होतं की हा खर्च उद्योगाच्या व्यवस्थापनाने सोसावा.

पुन्हा वाचा त्या दोन रकमा. मला आधी वाटलं माझी वाचण्यात चूक झाली. माणसांचं नुकसान साडेतीन कोटीही नाही, आणि जमीन-पाणी दुरुस्त करायला त्याच्या जवळपास अकरा पट. पण विचार केला की पटतं. विहीर बिघडवायला एक वर्ष पुरतं. विहीर सुधारायची म्हणजे तिच्याखालचा अख्खा खडक धुवायचा.

१३ फेब्रुवारी १९९६. न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी आणि बी. एन. कृपाल यांचा निकाल. रायलंड्स, केंब्रिज वॉटर, ऑस्ट्रेलियाची एक केस, सगळ्यांचा ऊहापोह करून ते म्हणाले की ओलियमचं तत्त्व हे नुसतं भाष्य नव्हतं, तो कायदा आहे आणि आमच्या देशासाठी तोच योग्य. खाजगी कंपनीचा मुद्दाही त्यांनी बाजूला सारला. सरकार आणि मंडळं आपलं कर्तव्य करत नसल्याने लोकांच्या जगण्याच्या हक्कावर गदा येत असेल, तर कोर्ट त्यांना कामाला लावू शकतं आणि खर्च कंपनीकडून वसूल करायला सांगू शकतं. सोबत 'पोल्यूटर पेज' हे तत्त्व. १९७२ साली श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने ते आर्थिक धोरण म्हणून मांडलं होतं. आता ते भारताच्या सर्वोच्च न्यायालयातून आदेश म्हणून बाहेर आलं. या कंपन्यांसाठी कोर्टाने 'रोग इंडस्ट्रीज' असा शब्द वापरला, म्हणजे मराठीत सांगायचं तर बदमाश, उडाणटप्पू. कारखाने बंद करा, मालमत्ता जप्त करा, गाळ काढा, दुरुस्तीचा खर्च केंद्र सरकारने ठरवावा आणि वसूल करावा.

आता आजी जिंकली? आता ऐका गावकऱ्यांचं काय झालं ते.

कोर्टाने म्हटलं, कंपन्या गावकऱ्यांचं नुकसान भरून द्यायला पूर्ण जबाबदार आहेत. पण ते नुकसान मागायचं असेल तर गावकऱ्यांनी, किंवा त्यांच्या वतीने एखाद्या संस्थेने, दिवाणी न्यायालयात दावा लावावा. कोर्ट फी परवडत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावायची परवानगी मागावी आणि राजस्थान सरकारने त्याला विरोध करू नये. बस, एवढंच.

मी हा परिच्छेद तीनदा वाचला. कायद्याच्या बाजूने बघितलं तर कोर्टाचीही अडचण समजते. कुणाची किती विहीर, कुणाची किती गुरं मेली, कुणाचं किती पीक गेलं, हे सुप्रीम कोर्ट बसून ठरवू शकत नाही. त्यासाठी साक्षी-पुरावे लागतात. पण सात वर्षं लढून देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात जिंकलेल्या माणसाला तुम्ही सांगता, आता जा आणि सगळ्यात खालच्या कोर्टाच्या रांगेत पहिल्यापासून उभा राहा. ओलियमच्या निकालातली ती फट आठवतेय ना? तीच ही. जमिनीचं बिल फाडलं गेलं. माणसांचं बिल त्यांनीच लिहायचं होतं.

आणि जमिनीचं बिल तरी भरलं का? ४ नोव्हेंबर १९९७ला कोर्टाने ३७ कोटी ३८ लाख ५० हजार हा आकडा पक्का केला. मग सुरू झाले अर्ज. अर्जावर अर्ज. अहवाल चुकीचा आहे, फेरतपासणी करा, विहिरी आता बऱ्या आहेत, आदेश मागे घ्या. प्रत्येक अर्ज म्हणजे एक तारीख, प्रत्येक तारीख म्हणजे काही महिने. 'तारीख पे तारीख' या डायलॉगवर आपण हसतो, पण नीट बघितलं तर यात एक सरळ हिशेब आहे. ३७ कोटी आज भरायचे की वकिलाला फी देऊन ते ३७ कोटी आपल्याच धंद्यात फिरवायचे? बहुतेक वेळा दुसरं स्वस्त पडतं.

न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि एच. एल. दत्तू यांनी १८ जुलै २०११ला हा हिशेब उलटवला. मूळ निकालाला पंधरा वर्षं उलटून गेली तरी अर्ज करून करून खटला मुद्दाम जिवंत ठेवलाय, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. दहा लाखांचा खर्च लावला. आणि मूळ रकमेवर ४ नोव्हेंबर १९९७पासून बारा टक्के दराने व्याज. सरळव्याज नाही, चक्रवाढ! शाळेत चक्रवाढव्याजाची गणितं मला कधी आवडली नाहीत, पण हे एक मी आवडीने सोडवलं. दरवर्षी एकदा व्याज धरलं तर निकालाच्या दिवशी ती रक्कम माझ्या ढोबळ हिशेबाने १७५ कोटींच्या आसपास जाते. वेळ काढणं पहिल्यांदाच महाग झालं. त्या निकालाचं खरं मोल माझ्या मते तत्त्वात नाही, या व्याजात आहे. तत्त्व तर १९८६लाच तयार होतं.

पण ज्या पोराचा जन्म बिछडीत १९८८ला झाला, तो २०११ला तेवीस वर्षांचा होता. व्याज पैशावर चढतं. त्याच्या लहानपणीच्या पाण्यावर नाही.

१९९६च्या निकालात पर्यावरणासाठी वेगळी कोर्टं असावीत असंही सुचवलं होतं. ते प्रत्यक्षात यायला आणखी चौदा वर्षं गेली. राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे एनजीटी, ऑक्टोबर २०१०मध्ये सुरू झाला. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, महाराष्ट्र आणि गोव्याची प्रकरणं तिथे जातात. 'पोल्यूटर पेज' त्याच्या कायद्यात थेट लिहिलंय. तिथे माणसांची भरपाई आणि जमिनीची दुरुस्ती, दोन्ही एकाच ठिकाणी मागता येतं. बिछडीच्या गावकऱ्यांना जे दार नव्हतं ते आता आहे.

दुसऱ्या बाजूला, १९७४च्या पाण्याच्या कायद्यात फेब्रुवारी २०२४मध्ये बदल झाला. विषारी पाणी सोडण्याच्या गुन्ह्याला पूर्वी दीड ते सहा वर्षांची कैद होती. आता त्या कलमाखाली कैद नाही, दंड आहे, दहा हजार ते पंधरा लाख. सरकारचं म्हणणं, छोट्या चुकांसाठी उद्योजकांना तुरुंगाची भीती नको. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. तशीही त्या कलमांखाली शिक्षा होणं सोपं कधीच नव्हतं. पण पंधरा लाख ही एखाद्या मोठ्या रसायन कंपनीसाठी शिक्षा आहे की खर्चाची एक ओळ, हे तुम्हीच ठरवा. आणि पाणी हा राज्यांचा विषय असल्याने हा बदल सुरुवातीला केंद्रशासित प्रदेशांत आणि दोनच राज्यांत लागू झाला. एक हिमाचल प्रदेश. दुसरं राजस्थान.

या भागाची तयारी करताना मी मामाला फोन केला. म्हटलं, आपल्याला पुण्याला जाता येईल का? मग कायदा उघडला. भरपाईसाठी एनजीटीकडे जायचं तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांच्या आत जावं लागतं. फार तर साठ दिवसांची सवलत. मामा म्हणाला, "पहिल्यांदा वास आला ते साल कुठलं, तेच कुणाला आठवत नाही गं. मी अर्ज केला होता त्याची पोच पण नाही."

गेल्या महिन्यात आजोळी गेले तेव्हा ती बाटली फडताळातून काढून उजेडात धरली. मेण अजून शाबूत आहे. आजीला लिहिता येत नव्हतं. बाटलीवर तारीख नाही.